सणाच्या दिवशी विक्री कमीच दिसणार

प्रश्नकर्त्याची अडचण थोडक्यात अशी आहे. नाशिक शहरातील एका मध्यम आकाराच्या सुपरमार्केटची जानेवारी २०२३ ते डिसेंबर २०२५ या तीन वर्षांची रोजची विक्री त्यांच्याकडे आहे. तिला त्यांनी कमाल तापमान, पाऊस आणि ‘सुट्टी आहे की नाही’ असे तीन रकाने जोडले. तापमान व पाऊस यांच्याशी विक्रीचा सहसंबंध (म्हणजे दोन आकडे कितपत बरोबरीने वाढतात-घटतात याचे माप) जवळपास शून्य आला आणि सुट्टीच्या दिवशी तर विक्री वाढण्याऐवजी कमी झालेली दिसली. तेव्हा हवामानाचा आणि सणांचा परिणाम हा केवळ दुकानदारांचा समज आहे का, आणि वेधशाळेचे अधिक बारीक आकडे मिळवल्यास चित्र बदलेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सुमारे वीस वर्षे एका प्रादेशिक साखळीसाठी खरेदी आणि साठा-नियोजनाचे काम केले. आमची दुकाने पुणे, नाशिक, मुंबईची उपनगरे आणि तळकोकण अशी विखुरलेली होती. संख्याशास्त्राचे रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. जे काही कळले ते माल कमी पडल्यावर किंवा गोदामात पडून राहिल्यावर कळले. त्या अनुभवावरून सांगतो की आपले गणित चुकलेले नाही. आपण ज्या आकड्याला प्रश्न विचारला, तो एकूण विक्रीचा आकडाच उत्तर देण्यास असमर्थ आहे आणि सुट्टीची खूण ज्या दिवशी केली, तो खरेदीचा दिवसच नाही.

आधी सुट्टीचे पाहू, कारण ते सोपे आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारनंतर दुकानात शुकशुकाट असतो आणि बहुतेक दुकाने लवकर बंद होतात. रवा, बेसन, मैदा, वनस्पती तूप, चिवड्याचे पातळ पोहे, डाळे, सुके खोबरे यांना उठाव असतो तो त्याच्या आठ-दहा दिवस आधी, कारण फराळ तळायला वेळ लागतो. उटणे आणि सुवासिक साबण त्यानंतरच्या आठवड्यात जातात, तर पणत्या, रांगोळी, कापूर शेवटच्या दोन दिवसांत. म्हणजे एकाच दिवाळीला मालागणिक तीन वेगळे उच्चांक असतात आणि त्यांतला एकही पंचांगातल्या मुख्य दिवशी येत नाही. भाऊबीजेनंतर आठवडाभर विक्री नेहमीपेक्षाही खाली राहते, कारण घरोघरी डबे भरलेले असतात. आपण फक्त त्या एका दिवसावर खूण केली, तर सण आला की विक्री घटते हाच निष्कर्ष निघणार.

ही चूक फक्त आपल्याकडे होते असे नाही. या विषयाचा अभ्यास करणारे बरेच विद्यार्थी अमेरिकेतील वॉलमार्ट या साखळीच्या ४५ दुकानांची फेब्रुवारी २०१० ते ऑक्टोबर २०१२ या काळातील आठवडावार विक्री सरावासाठी वापरतात. तिच्यात नाताळची खूण ३१ डिसेंबर २०१० ला संपणाऱ्या आठवड्यावर आहे, कारण २५ तारीख त्या आठवड्यात पडते. पण खरेदीचा कळस त्याच्या आधीच्या, २४ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात आहे आणि त्या आठवड्यावर खूणच नाही. तरी त्यांचा नाताळ तारखेला बांधलेला आहे आणि थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ठरलेला. आपले सण तिथीने चालत असल्याने आपली अडचण दुप्पट होते.

आपल्या तीन वर्षांपुरते बोलायचे तर लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला, २०२४ साली १ नोव्हेंबरला आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला आले. गणेश चतुर्थी अनुक्रमे १९ सप्टेंबर, ७ सप्टेंबर आणि २७ ऑगस्टला. याचे कारण असे की २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा आले आणि नंतरच्या दोन वर्षांत ते दर वर्षी साधारण अकरा दिवसांनी मागे सरकले. महिन्याला महिना लावून तुलना केली, तर आपला ऑक्टोबर वर्षागणिक सुधारत चालला आहे आणि नोव्हेंबर ढासळत चालला आहे, असे दिसेल. प्रत्यक्षात धंद्यात तसे काहीच घडलेले नसेल. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्याने गणपती १४ सप्टेंबरवर आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरवर जाते. म्हणजे तीन वर्षांत दिसलेला तो ‘कल’ चौथ्या वर्षी एकदम उलटतो. तेव्हा ‘सुट्टी: होय’ असा रकाना काढून टाकावा आणि त्याऐवजी प्रत्येक मोठ्या सणासाठी ‘सणाला उरलेले दिवस’ असा रकाना करावा: उणे पंधरापासून अधिक सातपर्यंत. तारखेऐवजी तिथीशी तिथी जुळवली की जे गोंधळाचे दिसत होते, ते बरेचसे आपोआप सरळ होते.

यात माझा स्वतःचा एक फटका सांगण्यासारखा आहे. २०१२ साली आमच्या ऑर्डरी ‘गेल्या वर्षीचा तोच आठवडा’ या पद्धतीने निघत. २०११ साली श्रावण ऑगस्टच्या तोंडावर लागला होता, त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गटारीची म्हणून अंड्यांची आणि मटण मसाल्यांची मोठी विक्री नोंदलेली होती. संगणकाने इमानेइतबारे २०१२ च्या जुलैअखेरीस तेवढीच अंडी मागवली. त्या वर्षी श्रावण २० जुलैलाच लागला होता. पावसाळी दमटपणात अंड्यांचे ट्रे आठवडाभर पडून राहिले की काय होते, हे वर्णन करण्याची गरज नाही. उलट ऑगस्टच्या उत्तरार्धात, श्रावण संपून अधिक भाद्रपद सुरू झाल्यावर, ग्राहक अंडी मागत होते आणि आमच्याकडे ती नव्हती. त्यानंतर पंचांग माझ्या टेबलावर कायमचे आले.

काही सणांचा परिणाम सणानंतर लांबतो, हेही ध्यानात ठेवावे. मकर संक्रांत दर वर्षी १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. तीळ आणि चिक्कीचा गूळ यांचा खप त्याच दिवशी संपतो. परंतु हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते आणि वाण म्हणून लुटायच्या वस्तू, म्हणजे लहान डब्या, गाळण्या, चमचे, साबण, डझनाने उचलल्या जातात. रथसप्तमी मात्र तिथीने येते: २०२३ साली २८ जानेवारीला, २०२४ साली १६ फेब्रुवारीला आणि २०२५ साली ४ फेब्रुवारीला. म्हणजे वाणाच्या वस्तूंचा हंगाम एका वर्षी तेरा दिवसांचा, पुढच्या वर्षी बत्तीस दिवसांचा आणि त्यापुढच्या वर्षी एकवीस दिवसांचा झाला. आपल्या फेब्रुवारी २०२४ च्या आकड्यांत गृहोपयोगी वस्तूंची अनाकलनीय वाढ दिसत असेल, तर आधी इथे शोधा.

सणाचा परिणाम दुकान कुठे आहे यावरही इतका अवलंबून असतो की त्याची दिशाच बदलू शकते. गणपतीच्या दिवसांत मुंबईच्या उपनगरांतील आमच्या ज्या दुकानांभोवती कोकणातील कुटुंबांची वस्ती होती, तिथे विक्री पडत असे, कारण चाकरमानी गावी गेलेले असत. त्याच दिवसांत कणकवली-सावंतवाडीकडच्या दुकानांत मांडणीवर माल टिकत नसे. नाशिकला हा परिणाम इतका तीव्र नसेल, पण आपल्या दुकानाभोवती कारखान्यांत काम करणारी, गावी ये-जा असणारी वस्ती आहे की स्थायिक नोकरदारांची सोसायटी, यावर दिवाळीच्या चार दिवसांचे चित्र ठरेल. हे आकड्यांत सापडत नाही. दुकानाबाहेर उभे राहून पाहावे लागते.

आता हवामान. एकूण विक्रीशी तापमानाचा सहसंबंध शून्य येतो याचे पहिले कारण असे की परिणाम एकमेकांना खोडतात. उन्हाळ्यात थंड पेये, ताक, आइस्क्रीम, सरबते, टाल्कम पावडर यांचा खप वाढतो. चहा, बिस्किटे, तेलकट फरसाण, सूपची पाकिटे यांचा घटतो. त्यातच मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, कुटुंबे गावी जातात आणि महिन्याचे वाणसामान निम्म्यावर येते. तापमान सर्वांत जास्त असतानाच ग्राहक सर्वांत कमी, असा हा योग आहे आणि तो तापमानामुळे आलेला नाही. दुसरीकडे दिवाळीची मोठी खरेदी सौम्य हवेत होते. या सगळ्याची बेरीज करून तिला तापमानाशी जोडले, तर शून्याजवळचे काहीतरी येणे स्वाभाविक आहे. विक्री निदान आठ-दहा गटांत विभागल्याशिवाय हवामानाला हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे कारण असे की माणसे तापमापीवरचा आकडा पाहून खरेदी करत नाहीत, तर कालपेक्षा आज किती उकडते यावरून करतात. फेब्रुवारीच्या अखेरीस पारा पस्तिशीला टेकला की थंड पेयांचे फ्रीज दोन दिवसांत रिकामे होतात. मे महिन्यात त्याच तापमानाला लोक ‘आज बरे आहे’ म्हणतात. भारतीय हवामान विभागसुद्धा उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात किमान ४० अंशांची अट घालून, शिवाय सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश अधिक तापमान आहे का, हे पाहतो. आपणही थेट कमाल तापमान न घेता त्या पंधरवड्याच्या नेहमीच्या तापमानापासूनचा फरक घ्यावा. नाशिकच्या थंडीलाही हेच लागू आहे: डिसेंबरातली पहिली कडक थंडी पडली की व्हॅसलीन, कोल्ड क्रीम आणि डिंकाच्या लाडवांचे साहित्य यांचा खप उसळतो, नंतर तितकीच थंडी राहिली तरी तो ओसरतो, कारण डबी एकदा घरात आली की महिनाभर पुरते.

पावसाच्या बाबतीत दिवसभरात किती मिलिमीटर पडला, हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. पहाटे तीन वाजता पन्नास मिलिमीटर पडला तर दुकानाला त्याचा पत्ताही लागत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत दहा मिलिमीटर पडला तर शनिवारची निम्मी गर्दी घरी बसते. त्यातही गेलेली विक्री कोणती आणि पुढे ढकललेली कोणती, हे वेगळे करावे लागते. वाणसामानाची यादी घेऊन येणारा ग्राहक रविवारी येतो, त्यामुळे ती विक्री बुडत नाही. पण येता-जाता उचलला जाणारा पाव, वेफर्स, आइस्क्रीम किंवा ताजी पालेभाजी यांची त्या दिवशीची विक्री परत येत नाही. भाजीत आणखी एक गुंता असतो: पावसाने आवक घटते, भाव चढतात आणि विक्री कमी होते, ग्राहकाला ती नको असते म्हणून नव्हे. मागणी आणि पुरवठा या दोहोंना पाऊस एकाच वेळी हात लावतो, म्हणून भाजीवरून पावसाचा परिणाम मोजू नये.

पावसाळ्याचा खरा मोठा परिणाम पाऊस पडण्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. वर्षाचे धान्य भरणे, लाल तिखट आणि मसाले करणे, लोणच्यासाठी तेल, मोहरीची डाळ आणि मीठ आणणे, कोकणातली आगोटीची म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची बेगमी, गोव्यातले पुरुमेंत म्हणजे तसाच पावसाळ्यासाठीचा साठा, ही सगळी खरेदी एप्रिल-मेमध्ये उरकली जाते. एकदा पाऊस लागला की रवा-पोहे-पीठ लहान पाकिटांत जाऊ लागते, कारण मोठे पाकीट सादळते किंवा त्याला कीड लागते. पैशांत विक्री तेवढीच राहिली तरी पाकिटांची संख्या वाढते. डास पळवण्याच्या वस्तूंची मागणी पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी वाढते, त्याच दिवशी नाही; तेव्हा इथेही मागच्या आठवड्यांचा पाऊस हा रकाना हवा.

आपल्या आकडेवारीत या बाबतीत एक नैसर्गिक प्रयोगच झालेला आहे. २०२५ साली मे महिन्यात राज्यभर अवकाळी पाऊस झाला आणि मोसमी पाऊस केरळात २४ मेला, तर मुंबईत २६ मेला पोहोचला. मुंबईतील त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. शाळेची सुट्टी आणि पगाराचे दिवस तेच, फक्त उकाडा गायब. म्हणून मे २०२४ आणि मे २०२५ यांची थंड पेये, आइस्क्रीम व लोणच्याचे साहित्य या तीन गटांत तुलना करा. सहसंबंधाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा ती तुलना आपल्याला अधिक शिकवेल.

इतके सांगून झाल्यावर एक कबुली देतो: रोजच्या विक्रीवर सर्वांत मोठा परिणाम या दोन्हींचा नसतो, तो पगाराच्या तारखेचा आणि वाराचा असतो. एक ते दहा तारखेतला शनिवार-रविवार आणि पंचवीस तारखेनंतरचा मंगळवार हे जणू दोन वेगळ्या दुकानांचे आकडे असतात. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी वार आणि महिन्याचा भाग यांवरून त्या दिवसाची ‘साधी अपेक्षित विक्री’ काढावी, प्रत्यक्ष विक्रीला तिने भागावे, त्या गुणोत्तराला ‘सणाला उरलेले दिवस’ हा रकाना जोडावा आणि त्यानंतर जे शिल्लक राहील, त्यात हवामान शोधावे. सण आणि पगार यांचाही परस्परांशी संबंध असतो. १२ नोव्हेंबरच्या दिवाळीत फराळाचे सामान आणि महिन्याचे वाणसामान एकाच बिलात येते. २१ ऑक्टोबरच्या दिवाळीत ती दोन बिले होतात आणि दुसरे बरेच लहान असते.

आणखी दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे संपलेला माल. ज्या दिवशी ताकाची पाकिटे दुपारी दोनला संपली, त्या दिवशीची विक्री म्हणजे त्या दिवशीची मागणी नव्हे. कडक उन्हाच्या दिवसांतच माल संपतो, त्यामुळे उन्हाचा परिणाम आकड्यांत नेमका जिथे मोठा असायला हवा, तिथेच कापला जातो. असे दिवस साठ्याच्या नोंदीवरून ओळखून बाजूला काढा. दुसरा सापळा सवलतींचा आणि करांचा. बिग बझारने २००६ साली २६ जानेवारीला मोठ्या सवलतींचा पायंडा पाडल्यापासून त्या दिवसाची विक्री सुट्टीची किती आणि सवलतीची किती, हे सांगणे अवघड झाले आहे. २०२५ साली तर घटस्थापना आणि जीएसटीची दरकपात एकाच दिवशी, २२ सप्टेंबरला झाली. कपातीची घोषणा ३ सप्टेंबरला झालेली असल्याने मधले अडीच आठवडे साबण, शाम्पू, बिस्किटे यांची खरेदी काही ग्राहकांनी थांबवून ठेवली असणे शक्य आहे. त्या वर्षीच्या नवरात्राला सणाचा नमुना म्हणून घेऊ नका. फार तर साबुदाणा, भगर आणि राजगिरा एवढ्यापुरता घ्या.

परिणाम मोजल्यावर त्याचा उपयोग काय, हाही विचार आधीच करावा, कारण त्यावरून कोणत्या मालासाठी किती मेहनत घ्यायची ते ठरते. सण पंचांगात आधीच छापलेला असतो; हवामानाचा भरवशाचा अंदाज चार-पाच दिवसांचाच मिळतो. दूध, ताक, पाव, आइस्क्रीम यांची ऑर्डर एक ते तीन दिवस आधी जाते, म्हणून तिथे हवामानाचा अंदाज कामाचा आहे. दिवाळीचा मैदा आणि सुकामेवा महिना-दीड महिना आधी बोलून ठेवावा लागतो. तिथे पाऊस पडेल की नाही हे कळून काही उपयोग नाही. आणि अंदाजावर ऑर्डर करणार असाल, तर जुन्या विक्रीची पडताळणीही त्या त्या दिवशी जाहीर झालेल्या अंदाजाशीच करा, नंतर नोंदलेल्या प्रत्यक्ष तापमानाशी नको. नाहीतर कागदावर गणित उत्तम जुळते आणि दुकानात फसते.

तीन वर्षे म्हणजे प्रत्येक सणाचे फक्त तीन अनुभव, हेही विसरू नये. एक हजाराहून अधिक दिवसांची नोंद हाताशी असली तरी दिवाळ्या तीनच आहेत, आणि त्यांतली एक करबदलाच्या सावलीत गेलेली आहे. साखळीतील इतर दुकानांचे आकडे मिळाले तर अवश्य घ्या. न मिळाल्यास निष्कर्ष ‘साधारण इतक्या पटीत’ एवढाच ठेवा आणि दशांश चिन्हापुढचे अंक लिहू नका.

शेवटी वेधशाळेच्या आकड्यांविषयी. तापमानासाठी नाशिकच्या रोजच्या नोंदी पुरेशा आहेत, कारण ते शहरभर फारसे बदलत नाही. पाऊस मात्र पंचवटीत कोसळत असताना सातपूर कोरडे असू शकते, त्यामुळे बारीक आकडे विकत घेण्याआधी दोन गोष्टी करा. बिलिंगच्या संगणकातून तासागणिक बिलांची संख्या काढून घ्या. ती त्यात असतेच, फक्त कोणी मागत नाही. आणि दारावरच्या सुरक्षारक्षकाला एक वही द्या, तिच्यात पाऊस किती वाजता लागला आणि किती वाजता थांबला एवढेच लिहायला सांगा. आमच्या एका दुकानात अशी वही दोन पावसाळे चालली. नंतर तो रक्षक बदलला आणि वही बंद पडली, पण तेवढ्या दोन पावसाळ्यांच्या नोंदींवरून आम्ही जून ते सप्टेंबर शनिवारच्या पावाची ऑर्डर एक सकाळी आणि दुसरी दुपारी चार वाजता आकाश पाहून, अशी विभागून टाकली.